मला गळकी म्हणतात

मी पिकअप बोलतेय. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, रंग पांढरा. म्हणजे एके काळी पांढरा. आता दारांच्या खालच्या कडा गंजल्यात आणि बॉनेटवर कावळ्यांनी आपली हजेरी लावून ठेवलीय. शिवडीत गोदामांच्या मागच्या भिंतीला लागून मी उभी असते. जाणारे-येणारे माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणतात, "ती बघ, लवूची गळकी गाडी."

गळकी! हा शब्द मला हॉर्नच्या तारेपर्यंत टोचतो. पण उलटून बोलायची सोय नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला वेळ असेल तर ऐका.

मी जन्मले घाटावरच्या एका कारखान्यात. तिथलं फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात, ओल्या रंगाचा वास आठवतो आणि शेवटची आंघोळ आठवते. प्रत्येक नव्या गाडीला तिथे एका बंद खोलीत उभी करून चहूबाजूंनी पाण्याचे फवारे मारायचे. मग एक माणूस आत बसून कोपरान्‌कोपरा हाताने चाचपायचा. माझ्या आत त्याला कोरडं ठाक सापडलं. त्याने काचेवर खडूने बरोबरची खूण केली आणि मला पुढे ढकललं. आयुष्यात मिळालेलं तेवढं एकच प्रशस्तिपत्र.

मला घेतलं लवू घाडीने. लालबागच्या चाळीतला माणूस, मूळ कुडाळकडचा. बाप गिरणीत होता. गिरणी बंद झाली तेव्हा लवू मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्यानंतर त्याने बरीच वर्षं दुसऱ्यांचे टेम्पो हाकले, दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मी त्याची पहिली स्वतःची गाडी. मालकाला मी मनातल्या मनात लवूच म्हणते. ज्याच्या हाताखाली आपला गिअर पडतो, त्याला अहो-जाहो करणं मला तरी जमत नाही.

मला घरी आणलं त्या दिवशी चाळीच्या दारात त्याच्या बायकोने, मीराबाईने, मला हळदकुंकू लावलं. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आणि मग कुणी बस म्हणायच्या आत पदर खोचून डाव्या बाजूने वर चढून बसली.

"खय चाललंस गो?" लवूने विचारलं.

"तुमी न्याल थंय," ती म्हणाली.

तो तिला नुसताच परळ नाक्यापर्यंत घेऊन गेला आणि वळवून परत घेऊन आला. पण दोघं अशी उतरली, जशी काही तिकडे गावीच जाऊन आली.

त्यानंतरची वर्षं कामाची. शिवडीच्या गोदामांतून चहाच्या पेट्या, कागदाचे रोल, दादरला लग्नाची भांडी, आणि भाद्रपद जवळ आला की परळच्या कारखान्यांतून गणपती. गणपती नेताना लवू मला इतकी हळू चालवायचा, की मागचे टॅक्सीवाले त्याचा उद्धार करायचे. दोरखंड आणि ताडपत्री ठेवायला त्याने केबिनच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं. त्यासाठी माझ्या टपाला भोकं पाडली, त्यात बोल्ट घातले, बोल्टांखाली रबराच्या चकत्या. तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मग मीराबाईच्या किडन्या गेल्या.

मला त्यातलं काय कळणार? मला कळलं ते एवढंच, की दिवसाआड सकाळी तिला परळच्या एका इस्पितळात न्यायचं, मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं आणि दुपारी परत आणायचं. मुलगी अपेक्षा वडाळ्याला सासरी. ती म्हणाली, "बाबा, टॅक्सी करत जा ना." पण टॅक्सीतल्या अत्तराच्या वासाने मीराबाईला मळमळायचं. शिवाय ती म्हणायची, "माका हीच गाडी बरी. उंचावरसून सगळा दिसता." लवूने सीटवर गोधडीची घडी घातली, चढायला लाकडी पाट आणला. सकाळची भाडी त्याने सोडूनच दिली.

मशीनला जोडायची हाताची नस अजून तयार व्हायची होती. तोवर तिच्या गळ्याखाली, हाडाच्या खालच्या अंगाला, एक नळी बसवली होती. नळीच्या तोंडावर पांढरी पट्टी. पहिल्याच दिवशी तिथल्या नर्सने बजावलं होतं, आणि लवू ते गाडीत बसल्यावर मोठ्याने घोकायचा, "हय पाणी लागता नये. आंघोळ करताना पण नाय. पाणी लागला की जंतू, जंतू गेले की थेट रक्तात."

आणि दुसरं पथ्य त्याहून वाईट. पाणी मोजून प्यायचं. दिवसभराला अगदी थोडं. जास्त झालं तर ते अंगातच साठतं, पाय सुजतात, धाप लागते. मीराबाई पर्समध्ये एक छोटी बाटली ठेवायची आणि झाकण-झाकण प्यायची. सिग्नलला उसाच्या रसाची गाडी दिसली की तोंड दुसरीकडे फिरवायची. एकदा ती माझ्या काचेवरचे ओघळ बघत म्हणाली, "बगा ओ, सगळ्या मुंबईभर पाणीच पाणी आणि माझी जीभ बगा कशी झालीहा, सुपारीसारखी."

 लवूने नुसता वायपरचा वेग वाढवला.

अशातच जुलैमध्ये मी गळायला लागले.

खोटं सांगणार नाही. गळत होते. डाव्या दाराच्या वर, धरायच्या मुठीपाशी छताच्या कापडावर आधी एक तपकिरी डाग पडला. मग एका सकाळी वळण घेताना तिथून पाणी सुटलं आणि नेमकं मीराबाईच्या खांद्यावर. तिने पदर वर घेतला, पण पट्टीची कड भिजलीच. इस्पितळात नर्स रागावली, पट्टी बदलली, औषध लावलं. पुढे काही झालं नाही. पण लवूचा चेहरा त्या दिवशी असा झाला होता, जशी काही त्याच्याच हातून काच फुटलीय.

दुपारी तो मला तडक मनूच्या गॅरेजात घेऊन गेला. मनू शिवडीतलाच, लवूचा जुना दोस्त. त्याने डाग पाहिला, पुढच्या काचेच्या कडेने बोट फिरवलं.

"काचेचा रबर गेलाय लवू. बदलतो. टेन्शन घेऊ नको."

काच काढली, नवा रबर घातला, कडेने गम भरला. पुढच्या सरीत पुन्हा ठिबक.

मग मनूने दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि कागद ओढून बघितला. कागद सहज निसटला. "हा बघ चोर! दाराचा रबर दबलाय." दोन्ही दारांचे रबर बदलले. आता कागद ओढला तर फाटायचा, पण बाहेर यायचा नाही. दोघांनी टाळी दिली.

पुन्हा ठिबक.

"अरे काय भुताटकी आहे काय!" मनू वैतागला. "दिसतंय इथे आणि येतंय कुठून?"

तोवर लवूने आपल्या परीने तोडगा काढला होता. मीराबाईला तो प्लास्टिकच्या रेनकोटात बसवायचा आणि वरून मुठीला एक फडका बांधायचा. तो फडका तिच्या डोक्यावर लोंबायचा. ती हसायची, "काय माका शोभेची पालखी केलास?" पण त्या रेनकोटात ती घामाने निथळायची आणि घामही पट्टीला वाईटच. लवूला ते दिसत होतं.

श्रावणातल्या एका उघडीप पडलेल्या दुपारी, मशीनचा दिवस नव्हता तेव्हा, मनूने सांगितलं, "असं नाय सापडणार. छताचं कापड खाली सोडूया. वरचा पत्रा उघडा करूया. मी पाइपने पाणी मारतो. खालून सुरुवात, मग हळूहळू वर. एका वेळी एकच जागा. आत कुणीतरी बॅटरी घेऊन बस. वरून एकदम पाणी ओतलं तर सगळीकडूनच आल्यासारखं वाटतं, काय कळत नाय."

"मी बसतंय," मीराबाई म्हणाली. ती गॅरेजच्या दारात पाटावर उन्हाला बसली होती.

"तू?" लवू.

"मगे कोण? माझ्याच डोक्यार पडता ना ता?"

तिच्या गळ्याला टॉवेल गुंडाळून, वर रेनकोट घालून लवूने तिला चढवलं. ड्रायव्हरच्या सीटवर, ठिबकण्याच्या जागेपासून लांब. कापड उतरवल्यावर माझा नागडा पत्रा वर दिसत होता. मला लाज वाटली. तिने बॅटरीचा झोत त्यावर धरला आणि मान वर करून बघत राहिली.

बाहेर मनूने दाराच्या खालच्या कडेला पाणी सोडलं.

"इला? पाणी इला?" लवू काचेतून ओरडला.

"नाय!"

दाराची वरची कड. "इला?"

"नाय!"

काचेची कड, तळापासून वरपर्यंत. "इला?"

"नाय ओ! आरडतास कशाक, माका ऐकाक येता!"

मग मनू टपावर चढला आणि पाण्याची धार कॅरिअरच्या मागच्या बोल्टांवर धरली. बराच वेळ काही नाही. लवूने विचारायचंही सोडलं. आणि आतून मीराबाईची अशी आरोळी आली, जशी पोरगी झाडावरचा पिकला आंबा दिसल्यावर देते.

"इला! इला! मागसून येता! बगा, पत्र्यावरसून सरपटत येता, गोगलगायीसारखा!"

ते खरंच तसंच होतं. मागच्या बोल्टापाशी पाणी आत शिरायचं, पत्र्याच्या पोटाला चिकटून पुढे सरकायचं आणि मुठीपाशी वाकण आलं की सुटायचं. आत येत होतं एकीकडून, टपकत होतं दुसरीकडे. मनूने बोल्ट काढले. खालच्या रबराच्या चकत्या भाकरीच्या कडेसारख्या तडकल्या होत्या. त्याने जुना गम खरवडला, गंज घासला, नव्या चकत्या घातल्या, भोकांत आणि बोल्टांभोवती सिलिकॉन भरलं, आणि सुकेपर्यंत मला छपराखाली ठेवलं. मग पुन्हा पाणी मारलं. पाइपने मारलं, बादलीने ओतलं. मीराबाई आत बसून होती. तिने कोरडा हात पत्र्यावर फिरवून लवूला दाखवला.

"झाली तुमची गाडी बरी," ती म्हणाली. "आता माका बरा करा."

लवू खूप दिवसांनी हसला. मी पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखी झाले. त्यानंतरच्या सगळ्या पावसात माझ्या आत थेंब आला नाही. हे नीट ऐकून ठेवा.

गणपती झाले. त्या वर्षी ते गावी गेले नाहीत, जाणं शक्यच नव्हतं. गौरी-विसर्जनानंतरच्या एका सकाळी पावसाने कहर केला. वाटेत हिंदमाताच्या सखल नाक्यावर पाणी भरलं होतं. गाड्यांची ही रांग. पुढे एक रिकामी टॅक्सी पाण्यात बंद पडली होती आणि दोघे-तिघे ती ढकलत होते. लवू म्हणाला, "बस, मी हात लावतंय, नायतर उशीर होतलो." पँट वर दुमडून तो उतरला. दार घट्ट लावलं.

मीराबाई एकटी राहिली. तिने वर पाहिलं, मुठीपाशी. कोरडं होतं. मग खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाण्याच्या दोऱ्या सुटल्या होत्या. तिने पुढे लवूकडे नजर टाकली. त्याची पाठ होती.

तिने हळूच काचेची मूठ फिरवली.

काच पुरी खाली गेली. तिने हात बाहेर काढला आणि ओंजळ धरली. ओंजळ भरली. ती प्याली. पुन्हा धरली, पुन्हा प्याली. मग हात सोडून देऊन तिने डोकंच बाहेर काढलं, तोंड उघडलं आणि डोळे मिटले. पावसाचं पाणी तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून खाली आलं. ती हसत होती. मी तिला इतकी वर्षं वाहिलं, पण तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. माझ्या हातात असतं तर मी काच वर केली असती का? मला अजून सांगता येत नाही.

लवू परत वळला तेव्हा काच वर होती. पदराने तोंड पुसून ती नीट बसली होती.

"भिजलंस कशी?" तो दचकून म्हणाला.

ती काही बोलायच्या आत मागून हॉर्न सुरू झाले. त्याने गिअर टाकला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. इस्पितळात पोचल्यावर नर्सचा आवाज दारापर्यंत आला, "अहो, पट्टी ओली कशी झाली ही?" आणि मी लवूचं उत्तर ऐकलं, अगदी खालच्या आवाजात, "गाडी गळते."

मीराबाई तेव्हाही बोलली नाही. का, ते तिलाच ठाऊक. पाणी प्याल्याचं कळलं तर तो रागावेल म्हणून असेल. की ते आपल्यापुरतंच ठेवावंसं वाटलं असेल.

त्यानंतर काही दिवसांनी तिला मशीनवर असतानाच हुडहुडी भरली. ताप चढला. वर नेलं, आयसीयूत. लवू सारखा खाली येऊन माझ्यात बसायचा, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. एका दुपारी अपेक्षा त्याला धरून खाली घेऊन आली. तिच्या हातात आईच्या बांगड्या होत्या. बस, तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी अपेक्षाला समजावून सांगितलं होतं. तिने बापाला माझ्याच केबिनमध्ये बसून सांगितलं, "बाबा, नळीच्या आतल्या बाजूला जंतू धरले होते. अशा पेशंटना होतं हे. पट्टी बदलली, औषध लावलं, तरी होतं. कुणाची चूक नाहीये."

"पट्टी भिजली होती," लवू म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले, त्याने नाही झालं."

"डॉक्टर गाडीत नव्हते."

तेराव्यानंतर त्याने भाडी घेणं बंद केलं. रोज दुपारी तो इथे शिवडीला यायचा आणि माझ्यावर पाणी ओतायचा. छताचं कापड त्याने पुन्हा उतरवलं. बादली ओतायची, धावत आत यायचं, बॅटरी धरायची. काहीच दिसायचं नाही. मग दुसरी बादली. मनूने हात धरला, "लवू, बंद झालंय रे ते. आपणच केलंय ना बंद?" लवूने त्याचा हात झटकला. त्याने बोल्ट पुन्हा खोलले, पुन्हा लावले. काचेचा रबर कापून बघितला. जिथे मी धड होते तिथेही त्याने मला उघडलं. गळती सापडेना म्हणून तो मला गळकी करत सुटला होता, आणि ते त्याच्या लक्षात येत नव्हतं.

अपेक्षाने एकदा शेवटचा प्रयत्न केला. ती डाव्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "ओता बाबा. हवं तेवढं ओता." त्याने ओतलं. पिंपातलं पाणी संपेपर्यंत ओतलं. त्याने रबर कापलेल्या काचेच्या कडेने समोर चार थेंब आले, पण तिच्या अंगावर काही नाही. ती उतरली आणि आपली ओढणी त्याच्या दोन्ही हातांत दिली.

"बघा, कोरडी आहे. हात लावून बघा."

त्याने ओढणी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी पाऊस मोठो होतो."

अपेक्षा तिथेच गोदामाच्या पायरीवर बसून रडली. लवूने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्याची नजर माझ्या टपावर होती.

आता त्याने मला विकायचं ठरवलंय. मागच्या आठवड्यात सौमित्र नावाचा एक तरुण बघायला आला होता. प्रभादेवीला त्याचा केटरिंगचा धंदा आहे. इंजिन ऐकून तो खूश झाला. टायर बघितले, हौदा ठोकून बघितला. मग केबिनमध्ये डोकावून त्याने सहज विचारलं, "काका, पावसात पाणी वगैरे येतं का हो आत?"

लवूने माझ्या टपाकडे पाहिलं. मला वाटलं, आता. आता तरी हा म्हणेल, नाही येत. एकदा मोठ्याने म्हटलं की त्याच्याच कानाला ते पटेल. 

"येतं," लवू म्हणाला. "माणूस मरेल इतकं येतं."

सौमित्र हसला, मग लवूचं तोंड बघून हसायचा थांबला. दोन शब्द बोलून निघून गेला. त्याच्या आधीचाही एक जण असाच गेला होता. पुढचाही जाईल. मला कुणी घेणार नाही, आणि लवू इथे येणं सोडणार नाही.

मी यंत्र आहे. माझा गंज वाढेल, एक दिवस भंगारवाला येईल, त्याचं मला काही नाही. पण तुमच्यापैकी कुणी शिवडीला आलात, आणि एक पिकलेल्या केसांचा माणूस रिकामी बादली हातात घेऊन गाडीपाशी उभा दिसला, तर त्याला थांबवा. त्याला सांगा की गाडी गळत नव्हती. काच मीराबाईने स्वतःच्या हाताने खाली केली होती. तो रागावेल, विश्वास ठेवणार नाही. तरी सांगा. सांगा की त्या सकाळी हिंदमाताला, तो टॅक्सी ढकलत होता तेवढ्या वेळात, त्याची बायको पोट भरून पाणी प्याली.